शेवटच्या दट्ट्याखालचा तांदूळ

योगराजभाऊंबद्दल लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर ते म्हणतील, "काऊन ताई, दुसरं काम नाही का तुमाले?" काम आहे, ढीगभर आहे. पण गेल्या हिवाळ्यापासून माझ्या डोक्यात एक राग ठाण मांडून बसलाय आणि तो कोणावर काढावा तेच कळत नाही. भुपेंद्रभाऊंवर काढावा तर ते भले गृहस्थ निघतात. गिऱ्हाइकांवर काढावा तर त्यांचं म्हणणं रास्त निघतं. दुधरामबाबांवर काढावा तर ते आता नाहीत. मग उरला कागद.

आमची प्रेस गोंदियात, गंज बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढे छपाई, मागे डबे. मिठाईचे डबे, विडीची लेबलं, अगरबत्तीचे पुडे, असलं सगळं. मी संगणकावर मजकूर बसवते. 'शुद्ध देशी घी' मधलं 'घी' सुटलं तर शिव्या मला बसतात. अर्धं काम हिंदीत, उरलेलं हिंदीसारख्या मराठीत, आणि दोन्हीकडच्या चुका माझ्याच नावावर.

योगराजभाऊ मागच्या खोलीत डाय बनवतात. डाय म्हणजे डब्याचा साचा. प्लायवूडच्या फळीत बारीक करवतीनं खाचा पाडायच्या आणि त्यांत पोलादी पाती वाकवून ठोकायची. धारेचं पातं असेल तिथे पुठ्ठा कापला जातो, बोथट असेल तिथे घडी पडते. ऐकायला सोपं वाटतं. पातं केसभर सरकलं की हजार डब्यांची झाकणं वाकडी बसतात, आणि योगराजभाऊंच्या हातून ते सरकलेलं मी कधी पाहिलं नाही.

माणूस अबोल. पण डबा दिसला की त्यांचा हात थांबत नसे. लग्नात लोक पेढा खात, हे डब्याचा तळ उलगडून चिकटवलेली पट्टी बघत. एकदा नवऱ्या मुलाच्या बापाला वाटलं, हा माणूस पेढे मोजून बघतोय. चांगलीच जुंपली होती. योगराजभाऊ शांतपणे म्हणाले, "पेढे बराबर आहेत. डब्बा बराबर नाही."

त्यांचं गाव पांढरटोला, नवेगाव बांधच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. गावाला जुना तलाव आहे. योगराजभाऊ कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या जातीतले. त्यांच्या पूर्वजांनीच तो तलाव बांधला असं घरात सांगतात, आणि पाणी वाटायचं काम त्यांच्याच घरात चालत आलं. अशा माणसाला तिकडे पाणकर म्हणतात. योगराजभाऊंचे वडील दुधरामबाबा पाणकर होते. त्यांचे वडील पाणकर होते. योगराजभाऊ डबेवाले झाले.

तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, आतल्या अंगानं एक दगडी बांधकाम असतं, त्याला तुडूम म्हणतात. मी गोंदियाच्या बाजारात वाढलेली, मला हे सगळं त्यांच्याकडूनच कळलं. पाळीवरून दगडी पायऱ्या पाण्यात उतरत जातात. प्रत्येक पायरीच्या तोंडाशी एक गोल भोक, भोकात लाकडी दट्ट्या. धानाला पाणी लागलं की वरचा दट्ट्या काढायचा. पाणी त्या भोकापर्यंत उतरलं की आपोआप थांबतं. मग पुढच्या वेळी त्याखालचा. घाई करून खालचा आधी काढायचा नाही, वरच्या पाण्याचा जोर माणसाचा हात ओढून नेतो. किती पाणी दिलं, किती उरलं, हे पायऱ्या बघून अख्ख्या गावाला कळतं. कोणी कोणाला फसवू शकत नाही.

योगराजभाऊ तरुणपणी हे सगळं सोडून गोंदियाला आले. शेती तुटपुंजी, पाणकराला मिळणारं धान त्याहून तुटपुंजं. दुधरामबाबांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "पान्याले मानूस लागते. कागद का, कोनीबी कापते." त्यानंतर दर दिवाळीला पोरगा गावी गेला की ते विचारत, "अजून डब्बेच करून राहिला का?" आणि योगराजभाऊ "हो बा" म्हणत. भांडण नव्हतं. पण बापानं एकदा तरी आपलं काम हातात घेऊन बघावं आणि बरं केलास म्हणावं, एवढी एकच भूक त्या माणसाला होती. मला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. दिवाळीहून परत आले की आठवडाभर त्यांचं तोंड बघवत नसे.

मग भुपेंद्रभाऊंचं काम आलं. त्यांची तांदळाची गिरणी आहे. वडिलांच्या काळापासून पोत्यांनी धंदा. भुपेंद्रभाऊंच्या मनात आलं, आपला सुवासिक तांदूळ नागपूर-पुण्याला छान डब्यातून भेट म्हणून विकावा. नागपूरच्या कोणाकडून त्यांनी चित्र काढून आणलं होतं. कमान, कमानीवर मोर. ते बघून स्वतःच वैतागले होते.

"ये मोर हमारे यहाँ का है क्या? अपना काही तरी पाहिजे यार. अपने इलाके का."

योगराजभाऊ दारात उभे होते. पुढचे बरेच दिवस जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीचं दार लावून घेत. मी एकदा डोकावले तर जमिनीवर पुठ्ठ्याचे तुकडे आणि मधोमध भाऊ, लहान पोरासारखे मांडी घालून. दगडाची पायरी आपल्या वजनानं उभी राहते, पुठ्ठ्याची राहत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. तांदूळ भरला की पायऱ्या पोट सुटल्यासारख्या फुगत. शेवटी त्यांनी प्रत्येक पायरीची घडी मागच्या भिंतीत अडकवली, तसं बांधकामातही दगडाचं शेपूट पाळीत रुतवतात म्हणे. मग डबा ताठ उभा राहिला.

तो त्यांनी भुपेंद्रभाऊंच्या पुढ्यात ठेवला. उंच, मातीच्या रंगाचा, एक बाजू पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेली. पाच पायऱ्या, पाच भोकं, पुठ्ठा गुंडाळून केलेले पाच दट्ट्ये. खाली वाटी धरून त्यांनी वरचा दट्ट्या ओढला. तांदूळ सळसळत वाटीत आला आणि भोकाशी येऊन आपला आपण थांबला. मग दुसरा. तिसरा. पुठ्ठा कापणारा पंचिंगवाला मशीन बंद करून आला. डबे चिकटवणाऱ्या पेस्टिंगच्या बाया उठून आल्या. पाचवा दट्ट्या निघाला, तांदूळ आला, थांबला. डब्यात तळाशी दोन मुठी उरला होता, पण तेव्हा तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. भुपेंद्रभाऊंनी त्यांना मिठीच मारली. मी डब्यावर 'तुडूम' हे नाव मोठ्या अक्षरात बसवलं. घरी जाऊन सांगितलं की आज आमच्या प्रेसमध्ये काहीतरी झालं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, रविवारी गावी जा आणि बाबांना दाखवा."

"रिकामा कसा नेऊ, ताई?"

"मग भरा. भुपेंद्रभाऊंचा तांदूळ पडलाय की."

ते हसले. त्यांच्याकडे रिकामं भांडं कोणाच्या हाती देत नाहीत. शेजारणीची वाटी परत करतानाही चिमूटभर साखर घालतात. आणि तुडमाचा डबा, तोही पाणकराच्या हाती द्यायचा, तर त्यात त्याच तलावाच्या पाण्यावरचा तांदूळ हवा, आणि तोही नवा. नवं धान निघालं की आधी पाळीवरच्या देवीपुढे ठेवायचं, मग घरात. तेव्हा तर पावसाळाही पुरता सरला नव्हता. "नवा निघू द्या," ते म्हणाले. "भरून नेतो." इतकी वर्षं थांबलेला माणूस, आणखी दोन-अडीच महिने त्याला जड नव्हते. मला मात्र उगाच चिडायला झालं. शुभस्य शीघ्रम म्हणतात ते काय वेड्यांनी? मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि कामाला लागले.

पहिला माल दसऱ्याआधी गेला, जुन्या तांदळाचा. घरगुती गिऱ्हाईक असो की कंपनीवाले, सगळ्यांना डबा आवडला. आणि मग तक्रारी यायला लागल्या.

पुण्याच्या एका बाईंनी तर व्हिडिओच पाठवला. पाचही दट्ट्ये काढून झालेत, डबा हलवला की आत तांदूळ वाजतोय, बाहेर काही येत नाही. इतका सुंदर डबा फाडायचा का, असं त्या विचारत होत्या. दुसऱ्या एकानं लिहिलं, तळाशी फसवणूक आहे. भुपेंद्रभाऊ फोन घेऊन मागच्या खोलीत आले.

"योगराज, शेवटचं भोक वरती राहून गेलं बघ."

"राहून नाही गेलं, सेठ. तितलंच ठेवाचं असते."

"कशाला?"

"शेवटच्या दट्ट्याच्या खालचं पानी काढत नाहीत. ते आपलं नसते."

"मग कोणाचं?"

"मासोळ्यायचं. ढोरायचं. पाखरायचं. तलाव कोरडा पाडाचा नसते."

पंचिंगवाला फसकन हसला. "डब्बे में मछली किधर है, भाऊ?"

भुपेंद्रभाऊ हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगेन. ते स्टूल ओढून बसले. म्हणाले, गोष्ट फार छान आहे, पण गिऱ्हाईक एक किलोचे पैसे देतं, त्याला एक किलो तांदूळ मिळायला पाहिजे. गिऱ्हाइकाला सांगू का की दोन मुठी माशांना ठेवल्यात? मी म्हटलं, सांगू, मी डब्यावर लिहून देते. ते म्हणाले, "रुचीताई, लिहिलेलं कोण वाचतं?" जन्मभर मजकूर बसवणाऱ्या बाईला असं म्हणायचं! पण खरंच होतं. मलाही माझ्या घरी दोन मुठी तांदूळ डब्यात अडकलेला चालला नसता.

"भोक तळाशी घे, बस इतकंच," भुपेंद्रभाऊ म्हणाले. "दिवाळीचा मोठा माल आहे. नाही तर दुसऱ्याकडून सादा डबा करवून घेतो, पण मला हाच पाहिजे."

योगराजभाऊंनी नमुन्याचा डबा उचलून पाचव्या भोकावर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "हो सेठ."

त्यांनी नवी डाय त्याच दिवशी करायला घेतली. मी मुद्दाम मागे थांबले होते, मला वाटलं ते आपटाआपट करतील, निदान करवत तरी रागानं चालवतील. काही नाही. नेहमीसारखं पट्टी लावली, खूण केली, पातं वाकवलं, ठोकलं. पाचवं भोक अगदी तळाच्या घडीला जाऊन भिडलं. नमुना काढला, तांदूळ भरला, दट्ट्या ओढला, आणि शेवटचा दाणासुद्धा बाहेर आला. इतकी सुबक तर आधीची डायही नव्हती. त्यांनी ती जरा वाईट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

जुन्या मालातला एक डबा त्यांनी बाजूला काढला. तो बापासाठी.

दिवाळीला ते गावी गेले तेव्हा धान उभंच होतं. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला, धानाला तलावाचं पाणी खूप द्यावं लागलं, आणि कापणी लांबली. दुधरामबाबांना तेव्हाच खोकला होता. पुढे तो छातीत उतरला. सडक अर्जुनीला दाखवलं, गोंदियाला आणलं, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या या दोन शब्दांचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो.

योगराजभाऊ रजा टाकून निघाले तेव्हा मला म्हणाले, "नवं धान निघालं, ताई. मायनं कांडून ठेवलन. डबा घेऊन चाललो." कापडी पिशवीत तो डबा होता, पाचवं भोक वर असलेला, खरा. घाईत असलेला माणूस, बाप मरणाला टेकलेला, आणि तरी चेहऱ्यावर काहीतरी उजळलेलं होतं. मला ते अजून आठवतं.

दोन दिवसांनी भुपेंद्रभाऊ म्हणाले, "मी भेटून येतो बाबांना. तुम्ही येता का?" मी गेले. कोहमाऱ्यापर्यंत ट्रकांच्या रांगा, मग आत वळल्यावर एकदम कापलेली धानाची शेतं. भुपेंद्रभाऊंनी फळं घेतली होती, आणि एक चकचकीत पिशवी. त्यात काय आहे हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण मला काय स्वप्न पडलं होतं?

योगराजभाऊंच्या आई पुष्पाबाई दारातच होत्या. "येना वो बाई," म्हणाल्या, "दोन रोजानं आत्ताच जागला बुढा. सकाळपासून योगराज बसून आहे, डोळा उघडाची वाट पाहून राहिला." आत खाटेवर दुधरामबाबा. एवढा उंच माणूस, पांघरुणाखाली काही उरलाच नव्हता. योगराजभाऊ पायाशी. त्यांची कापडी पिशवी खुंटीला टांगलेली. ते उठून खुंटीकडे वळले होते, हात वर गेला होता, तेवढ्यात भुपेंद्रभाऊ आत आले.

"दादाजी, नमस्ते. देखिए, आपके बेटे ने क्या बनाया है!"

आणि त्यांनी चकचकीत पिशवीतला डबा काढून म्हाताऱ्याच्या हातात ठेवला. नवा डबा. इतक्या मायेनं ठेवला की मी त्या माणसावर आजही चिडू शकत नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरात आवाज नीट येईना म्हणून ते अंगणात गेले.

दुधरामबाबांनी डबा छातीवर उभा केला. आधी नुसतेच बघत राहिले.

"तुडूम," ते म्हणाले.

"हो बा," योगराजभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला.

"तूनं केलास?"

"हो बा."

बाबांनी वरच्या दट्ट्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. पायरी उतरावी तसं ते बोट सावकाश खाली येत होतं आणि चेहरा सुटत होता, ओठ हलत होते. तिसरा. चौथा. पाचवा दट्ट्या बोटाला जागेवर सापडला नाही. त्यांनी चाचपलं. बोट आणखी खाली गेलं, अगदी तळाच्या कडेला, आणि तिथे भोक लागलं. ते थांबले.

"शेवटचं इतलं खाली?"

योगराजभाऊ खुंटीपासून मागे सरले आणि खाटेच्या पायाशी बसले.

"तळाले लावलास, योगराज? मंग मासोळ्यायनं का करावं? ढोरायनं का प्यावं?"

मी तोंड उघडलं. उचलली जीभ की टाळ्याला लावणारी बाई मी, गप्प कशी बसणार? योगराजभाऊंनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "रुचीताई, माय चहा करून राहिली, तिले जरा हात लावा." पुष्पाबाई तर माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी गेले नाही, पण बोललेही नाही.

"ध्यानात नाही रायलं, बा," ते म्हणाले.

"लहान होतास तं खांद्यावर बसवून दाखोलो होतो तुले."

"भुललो."

मला वाटलं आता म्हातारा ओरडेल. ओरडला असता तर बरं. त्यांनी डबा हळूच खाली ठेवला, लेकराच्या हातून काही सांडलं की आपण ठेवतो तसा, आणि पुष्पाबाईंना म्हणाले, "याचा दोष नाही. मीच याले बराबर शिकोलो नाही. लवकर गेला तो घरून." दम लागला, थांबले. मग म्हणाले, "उदारामले सांगजो. म्हना, याले एकडाव तुडमावर नेऊन दाखव. शिकून घेईल."

मग त्यांनी डोळे मिटले. योगराजभाऊ त्यांचे पाय दाबत बसले.

अंगणाच्या टोकाला गाठून मी त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो. खुंटीला खरा डबा टांगलाय, नव्या तांदळानं भरलेला, जन्मभर ज्याची वाट बघितली तो क्षण समोर आलाय, आणि तुम्ही भुललो म्हणता? काढा तो डबा! आत्ता जाऊन काढा!

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"काढला असता, ताई," ते म्हणाले. "मंग बानं इचारलं असतं, तुले बराबर येते, तं हे दुसरं काऊन केलास? काय सांगू? सेठनं सांगतलन म्हनून केलो? पगारासाठी केलो?" त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "अडानी पोट्टा म्हनून मले सोडून जाईल तो. जानून केलो म्हनलो, तं कसा जाईल?"

भुपेंद्रभाऊ फोन संपवून आले आणि आनंदानं म्हणाले, "पसंद आया ना दादाजी को?" योगराजभाऊ म्हणाले, "हो सेठ. लय बरं केलंत." मी गाडीत जाऊन बसले. वाटेत भुपेंद्रभाऊंना सांगावं असं कितीदा ओठावर आलं. नाही सांगितलं. तो माणूस मग कधी सुखानं तांदूळ विकू शकला नसता, आणि विकायचा थांबलाही नसता.

दुधरामबाबा त्याच आठवड्यात गेले. नंतर पुष्पाबाईंनी मला सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळी योगराजनं पिशवीतल्या डब्यातला तांदूळ त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ओतला आणि तो पुठ्ठ्याचा तुडूम चुलीत घातला. बापाला चुकून दिसू नये म्हणून. त्या विचारत होत्या, "चांगला होता वो बाई, काऊन जाळलन?" त्यांना मी काय सांगणार होते?

तेरवीला प्रेसमधले आम्ही काहीजण गेलो होतो. अंगणभर माणसं. पंगत उठली, हात धुऊन होताहेत, तेवढ्यात उदारामकाका आले. दुधरामबाबांच्या मागून पाणी वाटायचं काम आता त्यांच्याकडे. काटक, जरा ऐकायला कमी, त्यामुळे बोलणं मोठ्यानं. त्यांनी सगळ्यांदेखत योगराजभाऊंचं मनगट धरलं.

"चाल गा. तुझ्या बाले सबद देल्लो आहो. तुडूम दाखवाचं आहे तुले."

कोणीतरी म्हणालं, आज राहू द्या काका, उद्या दाखवा. काका ऐकेनात. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, तेरवीच्या पुढे न्यायचा नसतो म्हणाले. मग योगराजभाऊ निघाले, मुंडण केलेलं डोकं, अंगात पांढरा सदरा, आणि मागे आम्ही दहाबारा माणसं. कोहळ्यांचा पोरगा, पाणकराचा पोरगा, आणि त्याला तुडूम दाखवायला नेतायत. दोन पोरी तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या मागेच राहिल्या.

पाणी खूप उतरलं होतं. पायऱ्या जवळपास उघड्या पडल्या होत्या. काका काठी टेकत उतरले, योगराजभाऊ मागे. एकेका दट्ट्यावर काठी आपटून काका मोठमोठ्यानं सांगत होते, हा पयला, हा धान लागल्यावर, हा धान पोटरीत आल्यावर, खालचा आधी काढाचा नाही, हात जाईल. योगराजभाऊ प्रत्येक वेळी मान हलवत होते. पाचव्याशी काका वाकले आणि पाण्यात हात घातला.

"आता ध्यान दे. हा शेवटचा. याच्या खालचं आपलं नाही. किती बी वाळलं, धान करपलं, तरी नाही. समजलं?"

"समजलं, काका."

"पुना नाही समजलं तं इचारजो. लाजू नको." काका सरळ झाले, धाप लागली होती. "तुझा बा लय तळमळलन. म्हने, मीच पोराले शिकोलो नाही, मीच चुकलो."

योगराजभाऊ इतका वेळ खाली पाण्याकडे बघत होते. त्यांनी मान वर केली आणि काकांना ऐकू जावं, पाळीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं म्हणाले. त्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"नाही काका. बानं बराबर शिकोलं होतन. मीच शिकलो नाही."

काकांनी ओला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "आता तं शिकलास."